सबनीसांना मी फिरायला का नेते

राब भाजायला सुरुवात झाली आहे. सकाळी बाल्कनीचं दार उघडलं की नांदे गावाच्या शिल्लक राहिलेल्या शेतांवरून धूर येतो. वाळका पाला, शेणाचे तुकडे, मागच्या वर्षीचं गवत, आणि या सगळ्याखाली भाजणारी माती. भाताची रोपं टाकण्याआधी इथे जमिनीचा तेवढा तुकडा असा भाजून घेतात. रेवा, ईशान, तुम्हाला हा वास ठाऊक नाही. तुम्ही नेहमी डिसेंबरात येता. मला तो दर वैशाखात येतो आणि दर वैशाखात माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. माणसाच्या आठवणी डोक्यात असतात असं म्हणतात. माझी ही एक जबड्यात आहे.

गेल्या आठवड्यात सोसायटीतल्या कुणीतरी माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि तुमच्या आईने तो तुम्हाला पाठवला. मागच्या फाटकाजवळचा बहावा फुलला आहे, त्याच्याखालून मी आणि सबनीस चाललो आहोत. त्यांचा हात माझ्या हातावर आहे. रेवा, तू लाल बदामांची रांग पाठवलीस. ईशान, तू लिहिलंस, ‘आजी, यू आर सो फर्गिव्हिंग.’

फर्गिव्हिंग हा शब्द मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवला आहे, अर्थ सांगून आणि वाक्यात उपयोग करून. चुकीच्या जागी वापरलेला शब्द पाहिला की माझा हात अजून लाल पेनाकडे जातो. म्हणून हे लिहिते आहे. सबनीसांना मी माफ केलेलं नाही. फिरायला नेते, ते त्यासाठीच.

तुमचे आजोबा चालणारा माणूस होते. पाटबंधारे खात्यात होते, कालव्याच्या काठाकाठाने चालत जायचं, कुठे पाझर आहे, कुठे भराव खचला आहे ते बघायचं, हे त्यांचं काम. जीप असायची, पण ते ती पुढे पाठवून द्यायचे. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, चालणं सुटलं नाही. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्यांनी फ्लॅट पाहिला नाही, आधी मागचं फाटक पाहिलं. फाटकाबाहेर पाणंद होती, शेतांमधून जाणारी गाडीवाट, ती ओढ्यापर्यंत जायची. ‘हे घर घेऊ,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘अहो, स्वयंपाकघर तरी बघा.’ तर म्हणाले, ‘ते तू बघ.’

रोज सकाळी ते त्या पाणंदीने जाऊन यायचे. परत आले की पायांना धूळ आणि तोंडात एखादी बातमी. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणी जमीन विकली, कुठल्या झाडावर बुलबुल बसला होता. वाईट बातमी ऐकली, डॉक्टरांनी काही सांगितलं, माझ्याशी भांडण झालं, की ते उठायचे आणि चालायला जायचे. परत येताना ती गोष्ट त्यांच्या अंगावरून उतरलेली असायची. मला राग धरून ठेवायची सवय, त्यांना तो वाटेत टाकून यायची. तेवढ्या एका फरकावर आमचा संसार झाला.

मग टाळेबंदीचा तो वैशाख आला, तुम्ही तुमच्या घरात, आम्ही आमच्या.

त्या उन्हाळ्यातली शांतता मला आधी आवडली होती, हे खोटं कशाला सांगू. हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या बंद. समोरच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीवरची क्रेन हात पसरून तशीच थांबलेली. दुपारी टिटवीचा आवाज यायचा, इतका जवळून की ती पार्किंगमध्येच उतरली आहे असं वाटावं. मी डाळींचे डबे उन्हात ठेवले, कपाटं लावली, जुन्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. हौसाला, आमच्याकडे कामाला येणाऱ्या गावातल्या बाईला, सोसायटीत यायला बंदी होती. त्यामुळे लादी मीच पुसायचे, उकिडवं बसून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घाम यायचा. दुपारी झोप लागायची. माझं डोकं त्या दिवसांत शाबूत राहिलं त्याचं श्रेय मी त्या फडक्याला देते.

आजोबांच्या हातात मी फडकं देऊन पाहिलं. ते पुसत नसत, उतार कुठल्या बाजूला आहे ते बघत बसत.

सबनीस तेव्हा आमचे चेअरमन. बँकेतून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, हातात कायम फोन. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागच्या फाटकाला कुलूप लावलं, गच्चीला लावलं, आणि बागेच्या बाकांवर पिवळी पट्टी बांधली. तिथपर्यंत ठीक होतं. जगभर तेच चाललं होतं. पण त्यांनी वरून स्वतःचा एक नियम घातला: पासष्टच्या वरच्यांनी सोसायटीच्या आवारातसुद्धा पाऊल ठेवायचं नाही. सरकारने पुढे सकाळी फिरायला मोकळीक दिली, आजूबाजूच्या सोसायट्यांत लोक मास्क लावून गोल गोल फिरू लागले, तरी आमच्याकडे तो नियम हलला नाही. सबनीसांचं स्वतःचं वय तेव्हा नियमाच्या थोडंसं अलीकडे होतं.

आजोबांनी घरात चालून पाहिलं. मी बैठकीतलं टेबल भिंतीला लावलं, गालिचा गुंडाळला, बाल्कनीपासून स्वयंपाकघरापर्यंत वाट मोकळी केली. दोन दिवस चालले. मग थांबले आणि म्हणाले, ‘अगं, ही जागा चालायची नाही, वळायची आहे. पाय टाकला की वळा, पाय टाकला की वळा. मला गरगरतं.’

एका सकाळी ते बाल्कनीत उभे होते. खालच्या रस्त्याने समोरच्या बांधकामावरचे मजूर चालले होते, आपापल्या गावाला. डोक्यावर गोणी, कडेवर पोरं, एका बाईच्या हातात प्लास्टिकची बादली आणि बादलीत पातेली. आजोबा बराच वेळ बघत राहिले. ‘त्यांना बसायला मिळत नाही,’ एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. चहा निवून गेला.

पण मी शिस्तीची बाई आहे, आणि शिस्तीच्या बाईला नियम वाचता येतो. साफसफाईच्या बायका येत नसल्यामुळे ओला कचरा ज्याने त्याने खाली नेऊन खतखड्ड्यात टाकायचा, अशी सोय केलेली होती. खतखड्डा आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, मागच्या भिंतीशी. आणि कचरा कुणी टाकायचा, किती वेळा टाकायचा, हे सबनीसांनी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी जुने पेपर कापले आणि पुड्या बांधायला घेतल्या. एका पुडीत केळ्याचं साल. एकीत चहाचा चोथा. एकीत कोथिंबिरीच्या काड्या. एक पुडी टाकून आजोबा वर आले की दुसरी तयार.

‘अगं, हिच्यात काही आहे का? हाताला लागत नाही.’

‘लसणाची सालं आहेत.’

‘एवढ्यासाठी खाली जायचं?’

‘वास येतो हो. जा.’

त्यांना कळत होतं. मला कळत होतं की त्यांना कळतंय. ते मास्क लावायचे, पुडी प्रसादाची असावी तशी तळहातावर धरायचे, आणि जायचे. जिना उतरून, गाड्यांच्या मधून, बहाव्याच्या पिवळ्या सड्यावरून. तो सडा झाडायला कुणी नव्हतं. त्या वर्षी तो घोट्यापर्यंत साचला होता. येताना त्यांच्या चपलेला पाकळ्या चिकटलेल्या असायच्या, आणि तोंडात पुन्हा बातमी असायची.

बातमी हौसा द्यायची. तिचं भाताचं खाचर आमच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. ती पलीकडे राब भाजत उभी असायची, तोंडाला पदर, हातात काठी. एकदा मी बाल्कनीतून ऐकलं, तिचा आवाज तसा ओढ्यापर्यंत जातो.

‘काय वो आबा, सकाळधरनं बगतीया मी. किती कचरा निगतोय तुमच्या घरात? लगीन हाय का कुनाचं?’

‘आमचंच आहे,’ आजोबा म्हणाले. ‘पुन्हा करतोय.’

‘मंग आमाला बोलवा की! का भित्तीवरनं अक्षता टाकू?’

आजोबा हसले. दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान मागे टाकून हसले. मी पुढची पुडी बांधायला आत गेले. ते त्या उन्हाळ्यातलं त्यांचं शेवटचं हसू होतं असं मी म्हणणार नाही, तसं लिहायला बरं वाटतं म्हणून लोक लिहितात. पण त्यानंतरचं एकही मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. आवारातल्या कॅमेऱ्यातून घेतलेला, वरून काढलेला, करडा. त्यात आजोबा. अंगात बंडी, खाली लेंगा, तळहातावर लसणाच्या सालांची पुडी. त्यांच्याभोवती लाल वर्तुळ. खाली सबनीसांनी लिहिलं होतं: ‘कचऱ्याच्या नावाखाली फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांनी सर्वांचा जीव धोक्यात घालू नये. आजपासून कचरा वॉचमन दारातून नेईल.’ त्याखाली अंगठे. अंगठ्यांखाली जोडलेले हात. ज्या घरांत मी दर गौरीला ओटी घेऊन जाते त्या घरांतूनही अंगठे आले होते.

आजोबांनी चष्मा लावून तो फोटो पाहिला. बोटांनी मोठा करून पाहिला. मी म्हटलं, ‘द्या तो फोन इकडे.’ त्यांनी दिला नाही.

‘मी चोरासारखा दिसतोय गं,’ म्हणाले.

उभ्या आयुष्यात या माणसाने नियम मोडला नव्हता. पाटाचं पाणी सोडायची वेळ आली तर सख्ख्या मामाच्या शेताला त्यांनी एक घटका आधी पाणी दिलं नाही, आणि मामा मरेपर्यंत बोलला नाही. त्या माणसाभोवती लाल वर्तुळ. तुम्ही आजची मुलं असे फोटो रोज पाहता आणि बोटाने वर सरकवता. त्यांना सरकवता आला नाही.

मी खाली गेले. हो, पासष्टच्या वरची मी, नियम मोडून. सबनीस पार्किंगमध्ये त्यांच्या ब्राउनीला घेऊन उभे होते. कुत्र्यांना सूट होती, दिवसातून तीनदा. ब्राउनी बहाव्याच्या फुलांत नाक खुपसत होती.

‘सबनीस, हिला फिरवता, मग माणसाला का नाही?’

‘वहिनी, तिची अडचण आहे हो. घरात करत नाही ती. मुकं जनावर.’

‘आमच्याकडचंही आता मुकंच झालंय.’

‘दादा समजूतदार आहेत. त्यांची कसली अडचण?’

‘मग मी त्यांच्या गळ्यात पट्टा बांधून आणते. तेव्हा चालेल?’

ते हसले. ‘वहिनी, तुमचं आपलं काहीतरीच!’ म्हणाले, आणि साखळीला हलकासा हिसका देऊन पुढे गेले. त्यांनी मला हाकललं असतं तर मी आज कदाचित विसरले असते. ते हसले.

त्यानंतरचं तुम्हाला कधी सांगितलं नाही. आजोबा बैठकीतल्या वेताच्या खुर्चीत बसले. नुसते ‘बसले’ नाही, बसूनच राहिले म्हणते, कारण त्या बसण्याला शेवट नव्हता. आधी दाढी सुटली. मग पेपर. मी म्हणायचे, ‘चला, बाल्कनीत तरी उभे राहू,’ ते म्हणायचे, ‘कशाला?’ भाजी कुठली करू, तर ‘कोणतीही.’ तुमचा व्हिडिओ कॉल आला की मी त्यांचे केस विंचरायचे, स्वच्छ सदरा चढवायचे आणि फोन थोडा वर धरायचे, म्हणजे पाय दिसू नयेत. पाय वाळत चालले होते. कालव्याकाठच्या त्या पोटऱ्या, दोरासारख्या. ईशान, तू विचारायचास, ‘आजोबा, वॉक को गये थे क्या?’ तेव्हाची तुझी ती शाळेतली हिंदी. ते मान हलवायचे. तू समजायचास, हो.

डॉक्टरांनी फोनवरून सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, हे मनाचं आजारपण आहे, गोळी देतो, पण गोळीपेक्षा त्यांना रोज बाहेर चालू द्या, उन्हात. मी तो कागद सबनीसांच्या दाराशी नेला. त्यांनी दार उघडलं नाही, जाळीतून वाचला. ‘गोळ्या दिल्यात ना? मग द्या की. एकाला सोडलं की सगळे मागतील, वहिनी.’

पावसाळा आला आणि गेला. दिवाळीच्या सुमाराला फाटक उघडलं. मी आजोबांना हात धरून त्या पाणंदीपाशी नेलं. ते फाटकात थांबले. समोर भात कापून झालेलं, कोवळं ऊन, हौसाने लांबून हात केला. त्यांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘घरी जाऊ.’

पुढच्या वर्षी आंब्याला मोहोर आला तेव्हा ते गेले. दुपारी, त्याच खुर्चीत. ज्या रोगाच्या भीतीने हे सगळं झालं तो त्यांना शेवटपर्यंत शिवला नाही. तुम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलंत आणि मी सांगितलं, आजोबा शांतपणे गेले. ते खरं होतं. जवळजवळ वर्षभर ते शांतच होते.

त्या स्वातंत्र्यदिनाला झेंड्याखाली उभं राहून सबनीस म्हणाले, ‘अभिमानाने सांगतो, त्या संकटात आपल्या सोसायटीने एकही जीव गमावला नाही.’ टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत होते, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. माझ्या हातातला बुंदीचा लाडू मी इतका घट्ट धरला की तो चुरा होऊन बोटांतून गळला.

मला राग आवरता येत नाही असं समजू नका. माझा राग माझ्या लोणच्यासारखा आहे. तेल वर राहील असा भरलेला, ओला चमचा कधी न लागलेला, म्हणून टिकलेला. दर संक्रांतीला सबनीस तिळगूळ द्यायचे आणि मी तो तुळशीच्या शेजारच्या कुंडीत पुरायचे. गोड बोलायचं वचन आपण गिळलं असं व्हायला नको. समोर भेटले की ‘नमस्कार’ म्हणायचे. बोलताना ‘अहो-जाहो’ सोडलं नाही, इथेही सोडलेलं नाही. रागापायी रीत कशाला बिघडवायची? आणखी काय काय मनात आणलं होतं ते लिहीत नाही. तुम्ही आईला वाचून दाखवाल.

मग मागच्या दिवाळीनंतर सबनीसांना अर्धांगाचा हलका झटका आला. वाचा परत आली, डावा पाय ओढत राहिला. बायको आधीच गेलेली. मुलगा निखिल घरूनच कंपनीचं काम करतो, कानाला सतत ते यंत्र. बाप पडेल, हाड मोडेल, या धास्तीने त्याने त्यांना पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून दिली आणि दाराला वरून कडी घातली. प्रेमानेच. असल्या गोष्टी प्रेमानेच होतात.

मी रोज सकाळी फिरते. माझा रस्ता दुसऱ्या बाजूने होता, तो मी बदलला. त्यांच्या बाल्कनीखालून जाऊ लागले, हात हलवत, मान ताठ.

‘वहिनी, आज बाहेर कसं आहे हो?’

‘उत्तम!’

‘ओढ्याला पाणी आहे का?’

‘जाऊन बघा की.’

इतका गोड व्यायाम मी कधी केला नव्हता. गुडघे दुखायचे थांबले. भूक वाढली. मनाच्या आरोग्याबद्दल पेपरात तज्ज्ञ लिहितात, सकारात्मक राहा, श्वासावर लक्ष द्या. एका माणसाला बाल्कनीत बसलेलं पाहून रक्त कसं सळसळतं, ते कुणी लिहीत नाही.

एके दिवशी निखिल दारात आला. ‘आजी, एक रिक्वेस्ट होती. बाबांना फिजिओने बाहेर चालायला सांगितलंय. माझे कॉल्स असतात सकाळी. ते म्हणतात, वहिनींबरोबर जातो.’

‘माझ्याबरोबरच का?’

‘तुमचं सगळं वेळेवर असतं म्हणतात. आणि… बाकी कुणाला थांबून बोलायला वेळ नसतो.’

मी ‘उद्या सांगते’ म्हटलं. नाही म्हणायचं ठरवलंच होतं. तांदूळ निवडत बसले, खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला, आणि निवडता निवडता लक्षात आलं. हा माणूस माझ्या हाताशिवाय चालू शकत नाही. अर्ध्या वाटेत सोडून पळू शकत नाही. आणि त्याला बोलणारं कुणीतरी हवं आहे.

पहिल्या दिवशी मागच्या फाटकातून बाहेर पडलो, त्यांचा हात माझ्या हातावर घेतला. चांगला जड हात. म्हटलं, ‘सबनीस, वाट लांब आहे. बोलत बोलत जाऊ?’

‘हो हो वहिनी, बोला की. किती दिवसांनी कुणाशी बोलतोय!’

‘मग त्या वर्षीच्या चैत्रापासून सुरुवात करते.’

रोज थोडं सांगते. घाई नाही. टेबल भिंतीला लावलं ते सांगितलं. पुड्या सांगितल्या, कुठल्या पुडीत काय ते सांगितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, ‘सरकारचेच नियम होते, वहिनी.’ मी म्हटलं, ‘ब्राउनीचा कुठला होता?’ दुसऱ्या एका सकाळी म्हणाले, ‘लोक रोज फोन करायचे मला. तुम्ही काही करत नाही म्हणायचे. मी फार घाबरलो होतो त्या दिवसांत, झोप नसायची.’ मी ते ऐकून घेतलं. खरं असावं. पण मी त्यांचं ऐकायला आले नव्हते.

आणि त्या माणसाचा पाय सुधारला! हे मात्र मी धरलं नव्हतं. हिशेब चुकता करायला नेते आणि तो टवटवीत होऊन परत येतो. फिजिओ खूश, निखिल खूश, सोसायटी खूश. फोटो काय, बदाम काय.

चार-पाच दिवसांपूर्वी हौसा राब भाजत होती. आम्हाला बघून काठी टेकवून उभी राहिली.

‘आजी, ह्या म्हाताऱ्याला कुटं घेऊन निगालाय?’

‘फिरायला.’

तिने डोळे बारीक केले. ‘ह्योच न्हवं का त्यो? आबांचा फोटू टाकनारा?’

सबनीसांच्या हाताला घाम आलेला मला कळला. धूर आमच्या अंगावरून चालला होता.

‘मीच तो,’ सबनीस म्हणाले.

‘मंग आजी, हितवर आणलाच हाय तर ढकला की वढ्यात! पानी न्हाई, पर दगूड लई हायेत.’

‘नको गं. मग उद्या कुणाला सांगू?’

हौसा पदर तोंडात धरून हसली. सबनीसही हसायला गेले, आणि अर्ध्यात थांबले. त्या दिवशी मी त्यांना खुर्ची सांगितली. दाढी, केस विंचरणं, फोन वर धरणं, ‘कशाला?’ सगळं. क्रम सोडून, फाटकात उभं राहून ह्यांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, तेही सांगून टाकलं. घरी सोडताना त्यांनी नेहमीसारखं ‘थँक्यू वहिनी’ म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी निखिलचा मेसेज आला, बाबांचा पाय दुखतोय. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, बाबा म्हणतात आता घरातच बरं, उगाच तुम्हाला त्रास.

काल सकाळी मी त्यांच्या घरी गेले. निखिलने कानाला हात लावतच दार उघडलं आणि आत गेला. सबनीस बैठकीत होते. बाल्कनीतसुद्धा नाही. टीव्ही बंद, पडदा ओढलेला, गालांवर पांढरे खुंट. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, आणि मान अशी किंचित पुढे. मी ती मान ओळखते.

‘सबनीस.’

‘वहिनी, आता नको.’

‘का?’

‘कशाला?’

माझ्यापासून लपवणार नाही, तुमच्यापासूनही नाही: मला आनंद झाला. पोटातून वर आला, उकळी फुटावी तसा. देवाने स्वतः येऊन केलं असतं तरी इतकं बरोबर जमलं नसतं. मी दारातून परत फिरले असते, खाली गेले असते, ताठ मानेने चालले असते, आणि त्या घरातल्या खुर्चीने बाकीचं आपोआप केलं असतं. काही महिन्यांत. निखिलने म्हटलं असतं, शांतपणे गेले.

मी पडदा सरकवला. ऊन त्यांच्या तोंडावर आलं, त्यांनी डोळे मिटले.

‘उठा.’

‘तुम्ही जे सांगितलं त्यानंतर कुठल्या तोंडाने येऊ? मी काय केलं म्हणजे हे संपेल? माफी मागू? पाया पडू?’

‘पायाला हात लावायला वाकलात तर उठता येणार नाही तुम्हाला.’

‘वहिनी, चेष्टा नको. मला बसू द्या.’

‘बसला नाहीत, चाललात म्हणूनच तुम्हाला कळलं ना? बसलात की सुटलात. मी सोडणार नाही. ह्यांना बसायला लागलं, कारण उठवायला कुणाला परवानगी नव्हती. तुम्हाला ती सवलत मी देत नाही. अजून फक्त आषाढापर्यंत आलोय आपण. पुढे सगळा पावसाळा आहे, फाटक उघडल्यानंतरचे महिने आहेत, मोहोर आहे. ते सगळं तुम्ही चालत ऐकायचं, उन्हात, दोन्ही पायांवर.’

मी त्यांचे बूट आणले, चिकटपट्टीचे, समोर ठेवले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले, वर्गात उभी राहायचे तशी. बऱ्याच वेळाने त्यांनी उजवा पाय पुढे केला. डावा मी धरून घातला.

जिन्यावर त्यांचा तोल एकदा गेला. मी दंड घट्ट पकडला, बोटं रुतेपर्यंत, आणि त्यांना पडू दिलं नाही. आवारातल्या दोन बायका बघून एकमेकींना काहीतरी म्हणाल्या. बहुधा तेच, जे ईशानने लिहिलं. फाटकाबाहेर आलो. धूर विरला होता, ऊन चढायला लागलं होतं. सबनीसांनी श्वास घेतला आणि म्हणाले, ‘सांगा.’

मी श्रावण सांगायला घेतला.